आतलं खाकरणं

"दार उघड म्हणते ना मी."

माझी लेक मुलांकडे बघून हसली, म्हातारीचं डोकं चळलंय अशा थाटात. "आई, हळू. मुलं ऐकतायत."

"ऐकू देत की."

भरदुपारी, माजी राष्ट्राध्यक्षांच्या घरात, त्यांच्या खोलीच्या बंद दारापुढे आमची जुंपली होती. ते वारल्यापासून ते घर शाळांच्या सहलींना दाखवतात. लेक तिथली प्रमुख. मी तिच्याही आधीपासून मुलांना माहिती सांगते. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. तिथल्याच पाट्या अक्षर-अक्षर लावून वाचायला शिकले, आणि हे मी ताठ मानेनं सांगते.

अध्यक्षांची एक रीत होती. सगळ्यांचं ऐकून घ्यायचं, मग सगळ्यांना बाहेर काढून दार लावायचं आणि एकट्यानं ठरवायचं. लेकीनं त्याचाच खेळ केला. नदीला पूर आलाय. धरणाचे दरवाजे उघडले तर खालची वस्ती जाते, नाही उघडले तर शहर. एका मुलानं त्यांच्या खुर्चीत बसायचं, बाकीच्यांनी आपापलं म्हणणं मांडून बाहेर थांबायचं. नेतृत्वाचा धडा म्हणे!

मागच्या वर्षी माझ्या शेजारणीचा मुलगा त्या खुर्चीत बसला. एरवी घर डोक्यावर घेणारा पोरगा, बाहेर आला तो गप्प. अजून गप्पच आहे. दार लावून जेवतो. आई आत गेली की मान वर न करता म्हणतो, जरा बाहेर थांबा. सख्ख्या आईला अहो-जाहो! लेकीचं म्हणणं, पोरगं वयात येतंय, दुसरं काही नाही.

आणि आज आत माझी नात होती. तिला बसवू नकोस, म्हणून सकाळपासून लेकीच्या मागे लागले होते. वर्गानं तिलाच निवडलं, मी काय करू, म्हणाली.

मी दाराला कान लावला. नात बोलत होती. हळू, कुणाची तरी समजूत काढावी तशी. मग थांबली... आणि आत कुणीतरी खाकरलं. म्हाताऱ्या, कफानं भरलेल्या छातीचं खाकरणं.

लेकीनंही ऐकलं. तिचं हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं. तिनं दार ढकललं.

आत दुखऱ्या छातीला चोळतात त्या मलमाचा वास कोंडला होता. नात मोठ्या खुर्चीत, पाय अधांतरी. समोरची पाहुण्यांची खुर्ची आम्ही दोरीपलीकडे ठेवतो. ती ओढून टेबलाशी आणलेली. गादी दबलेली... अजून दबलेलीच.

"सांगत होते की नाही तुला..." मी लेकीचा दंड धरला.

"आई, तू आधी गप्प बस. बाळा, ऊठ... चल, बस आलीय."

नातीनं मान वर केली नाही.

"तुम्ही दोघी जरा बाहेर थांबा," ती म्हणाली, "आमचं अजून ठरलेलं नाही."