न सापडणारा खिसा

उलुलानीनं शिवलेल्या शर्टाचा खिसा सापडत नाही, ही हिलो या किनाऱ्यावरच्या गावातली जुनी तक्रार होती. तक्रार म्हणजे कौतुकच. छातीवर बशीएवढी जास्वंद असली तर खिसाही त्याच जास्वंदीचा; पाकळी खिशाच्या कडेला जराही मोडायची नाही, देठ जिथं आत शिरला तिथूनच बाहेर पडायचा. शर्यतीच्या दिवशी किनाऱ्यावरच्या म्हाताऱ्या बायका वल्हेकऱ्यांच्या छातीवर बोटं फिरवून खिसा शोधायच्या, आणि एखादा पटकन सापडला की शिवणारीला वर्षभर नावं ठेवायच्या. उलुलानीला सव्वीस वर्षांत एकदाही कुणी नावं ठेवली नव्हती. सासू वारली त्या वर्षीसुद्धा नाही.

त्या जूनमधे एका मंगळवारी सकाळी तिची नणंद विनोना अठरा वार कापड कागदात गुंडाळून घेऊन आली. वल्हेकऱ्यांच्या क्लबच्या पन्नाशीपुढच्या सहाजणांची होडी शनिवारी पाण्यात उतरायची होती, आणि एका होडीचे सहाही शर्ट एकाच ताग्यातले लागतात.

कापड भडक होतं. भडकच असायला हवं, किनाऱ्यावरून ओळखू यायला हवं. जमीन गर्द लाल, तिच्यावर नीरफणसाची कातरलेली हिरवी पानं, पिवळी जास्वंद, आणि मधल्या निळ्या पट्ट्यात उलांडीची, बाजूला तोल सांभाळणारा ओंडका बांधलेली एक होडी, वीतभर लांब. होडीत सहा वल्हेकरी. दर दीड फुटावर पुन्हा तीच पानं, तीच फुलं, तीच होडी.

"कुठून आणलंस?" उलुलानीनं विचारलं.

"दुकानातून. कापड काय झाडावरून काढतात?"

"कुठल्या दुकानातून?"

"तुला शर्ट शिवायचेत की कापडाशी सोयरीक करायचीय?" विनोना म्हणाली आणि स्वतःच्याच घरात असल्यासारखी कॉफी ओतून घ्यायला गेली.

उलुलानीनं कापडाचं टोक नाकाशी नेलं. नव्या कापडाला खळीचा वास येतो, जुन्याला कपाटाचा. याला कसलाच वास नव्हता. बोटं मात्र ओलसर झाली.

"दमट आहे गं."

"हिलोत कोरडं काय असतं, ते सांग आधी."

हे खरंच होतं. पाच दिवस पाऊस हटला नव्हता. मीठसुद्धा चमच्यानं खरवडून काढावं लागत होतं.

खरं म्हणजे उलुलानीला यंदा हे शर्ट शिवायचेच नव्हते. सहातला एक तिच्या नवऱ्याचा होता. आब्नर अठ्ठावन्न वर्षांचा, होडीत पाचव्या जागेवर बसणारा. फेब्रुवारीपासून तो घराच्या पाच पायऱ्यांपैकी तिसरीवर थांबून आंब्याच्या झाडाकडं बघायचा. झाडावर बघण्यासारखं काहीही नव्हतं. डॉक्टरांनी बागकाम चालेल म्हणून सांगितलंय, एवढंच त्यानं घरी येऊन सांगितलं होतं. वल्हं हातात धरायचं नाही, हे वाक्य तिला पुढच्या रविवारी चर्चमधे भेटलेल्या, डॉक्टरांच्याच नर्सकडून कळलं. तेव्हापासून ती नवऱ्याकडं, बाजारातल्या माशाकडं बघावं तशी बघत होती. डोळे, ओठ, नखं.

मंगळवारीच तिनं सगळं कापड बेतून टाकलं. जमिनीवर चटई, चटईवर कापड, तोंडात टाचण्या. प्रत्येक शर्टाच्या डाव्या पुढ्यावर, छातीकडच्या तुकड्यावर, होडी नेमकी छातीच्या मधोमध येईल असं बघितलं, आणि कात्री चालवण्याआधी प्रत्येक होडीतली माणसं मोजली. ही तिची सवय होती. सहा. सगळीकडं सहा.

गुरुवारपर्यंत पाच शर्ट झाले. काज करायला विनोना येऊन बसली, आणि काज करता करता निम्म्या गावाची उणीदुणी काढून गेली. शुक्रवारी सकाळी उलुलानीनं आब्नरच्या शर्टाचा डावा पुढा उचलून मशीनवर घेतला.

होडीत पाचजण होते.

तिनं चष्मा पुसला. पाचवी जागा रिकामी होती. माणूस पुसट छापलाय असं नव्हतं. बसायची फळी दिसत होती, फळीपलीकडचा होडीचा काठ दिसत होता. फळीच्या बाजूला पाण्यात, वल्हं नुकतंच बाहेर निघाल्यावर राहतो तेवढा पांढरा फेस.

तिनं पाचही शर्ट काढून बघितले. सहा, सहा, सहा, सहा, सहा. उरलेल्या तुकड्यांत एकच होडी पूर्ण होती. तिच्यातही सहा.

काल इथं विनोना बसली होती. उलुलानीनं दारात जाऊन रस्त्यापलीकडं हाक मारली.

विनोना आली, तिनं सुईच्या टोकानं माणसं मोजली. मग पुन्हा मोजली.

"छपाईत राहून गेला असेल एखादा," ती म्हणाली.

"छपाईचा रूळ चुकला तर दर दीड फुटाला चुकेल. एकदाच कसा चुकेल?"

"मग मी काय माणूस खरडून काढला?"

"मी तसं म्हटलं का?"

"तुझी भुवई म्हणाली." विनोनानं सुई टाचण्यांच्या गादीत खोचली. "उलू, ते दुकानातलं नव्हतं. क्लबच्या शेडमधे मिळालं मला. होडीच्या आत ठेवलेलं होतं, नीट घडी घालून. मला वाटलं, कुणी आपल्यासाठीच ठेवलंय. दुकानातलं वाटावं म्हणून कागद मीच गुंडाळला."

"आणि तू तसंच उचलून आणलंस?"

"चांगलं होतं गं कापड."

ती गेल्यावर उलुलानीनं पुढा खिडकीशी नेला. उजेडात आणखी एक गोष्ट दिसली. इतर होड्यांमधे सगळेजण समोर बघत होते. या होडीत चौथ्या जागेवरच्या माणसानं मान वळवली होती. तो मागं, रिकाम्या फळीकडं बघत होता.

दुपारी आब्नर भात आणि वाळलेला मासा खायला बसला, तेव्हा तिनं पुढा त्याच्यासमोर धरला. त्यानं चघळता चघळता बघितलं.

"डॉक्टर म्हणालेच होते वजन कमी करा म्हणून," तो म्हणाला. "इतकं कमी झालं असेल असं वाटलं नव्हतं."

"आब्नर, उद्या जाऊ नकोस."

"कापडावरून?"

"डॉक्टरांवरून. मला सगळं माहीत आहे."

त्यानं माशाचा काटा ताटाच्या कडेला ठेवला. मग दुसरा त्याच्या शेजारी, अगदी सरळ.

"पाचजणांनी होडी कशी न्यायची? माझ्याजागी सध्या कुणी नाही. एकजण ओआहू बेटावर मुलीकडं गेलाय, दुसऱ्याचा गुडघा." तो हसायचा प्रयत्न करत होता. "आणि मी तिथं बसलो नाही तर कुठं बसू, उलू? तुझ्या मशीनशेजारी? काज करत?"

"कर की. विनोनापेक्षा बरे करशील."

"एकदाच. ही शेवटची. मग तू म्हणशील तिथं बसेन."

तो उठून ओसरीवर गेला. तिथून खोकल्याचा आवाज आला, आणि मग आपण खोकलो नाही हे दाखवणारी शीळ.

उलुलानी मशीनसमोर बसून राहिली. शर्ट शिवायचाच नाही, हा एक मार्ग होता. पण मग तो जुना शर्ट घालून गेला असता, पाच लालांमधे एक निळा. गेला मात्र असताच. लग्नाच्या एकवीस वर्षांत ज्याला अडवता आलं नाही, त्याला शुक्रवारी दुपारी कुठून अडवणार?

तिनं उरलेला तुकडा ओढला. पूर्ण होडी, सहा माणसं. कापडच तर आहे, ती स्वतःशी म्हणाली. खिसा कुठूनतरी कापायचाच असतो.

तिनं तो कापला. कडा दुमडल्या, पुढ्यावर ठेवला. पानाला पान, लाटेला लाट, होडीच्या काठाला काठ. रिकाम्या फळीवर पाचवा माणूस येऊन बसला. धावदोरा न घालता थेट मशीन मारली. हात थांबला तर पुन्हा चालणार नाही, अशी तिला भीती वाटत होती.

इस्त्री केल्यावर तिनं अंगठा फिरवला. खिसा लागेना. नखानं चाचपला, तरी लागेना. अशी जुळणी तिला आयुष्यात जमली नव्हती, आणि त्याचा तिला अजिबात आनंद झाला नाही. शेवटी शर्ट उलटा करून, टाके मोजत मोजत तिनं खिशाचं तोंड शोधलं आणि दोन बोटं आत घातली.

इस्त्री आत्ताच फिरली होती. आत गार होतं. आणि वाटलं त्यापेक्षा खोल.

तिनं बोटं बाहेर काढली.

शनिवारी खाडीवर तंबू लागले, तांदूळ शिजले, ओल्या वाळूत मुलांच्या चपला हरवल्या. म्हाताऱ्या बायकांनी सहाही छात्या तपासल्या. आब्नरपाशी त्या बराच वेळ थांबल्या.

"कुठंय गं?" एकीनं विचारलं.

"आहे," उलुलानी म्हणाली.

"याला गुदगुल्या होतात, जपून," आब्नर स्वतःबद्दलच म्हणाला, आणि सगळ्या हसल्या. जाताना त्यानं तिच्या दंडाला हलकेच चिमटा काढला. हात गरम होता. तिनं ते लक्षात ठेवलं.

होडी निघाली. जाताना सहा लाल पाठी, एका तालात वाकणाऱ्या. लांबच्या झेंड्याला वळसा घालून परत यायचं होतं. झेंड्याजवळ होडी पोचली आणि समुद्रावरून पावसाची सर सरकत आली, पडद्यासारखी.

सर पोचण्याआधी तिनं मोजले.

एक. दोन. तीन. चार. मग फट. मग सुकाणू धरणारा.

ती गुडघाभर पाण्यात गेली. मागून विनोना हाका मारत होती.

पावसात काही दिसत नव्हतं. नुसता वल्ह्यांच्या तालावर घातलेला हाकारा ऐकू येत होता. तोही थांबला.

मग पुन्हा सुरू झाला.

सर ओसरली. होडी सरळ किनाऱ्याकडं येत होती. तिनं बोट रोखून मोजले. सहा.

त्यांचा तिसरा नंबर आला. पुरुष ओरडत, एकमेकांच्या पाठीत गुद्दे घालत उतरले. आब्नर उतरला, तिच्यासमोर येऊन उभा राहिला. त्याला धाप लागली नव्हती.

"पाणी छान होतं," तो म्हणाला.

चौथ्या जागेवरचा लिंडन होडीशीच थांबला होता. वल्हं छातीशी धरून.

"वहिनी," तो हळूच म्हणाला, "वळसा घेताना होडी हलकी झाली. एकदम. मग परत जड झाली."

"तू मागं बघितलंस?"

"बघायचं नसतं मागं."

"लिंडन. बघितलंस का?"

"पाऊस होता, वहिनी," तो म्हणाला, आणि जेवणासाठी सगळ्यात लांबच्या तंबूत जाऊन बसला.

आब्नर लाकडी टेबलाशी बसला. पानात गुंडाळलेलं डुकराचं मांस, अळकुडी उकडून कुटलेली पोई, कागदी कपात संत्र्याचा रस. रंग चांगला होता, ओठ लाल होते. गेल्या पाच महिन्यांत असा दिसला नव्हता. विनोना म्हणाली, "बघ, उगाच जीव टांगणीला लावला होतास." उलुलानी त्याच्या शेजारी बसली, त्याच्या खांद्याला खांदा लावून. तिला रडू येत होतं, आणि ते सुटकेचं आहे, असं ती स्वतःला सांगत होती.

आब्नरनं कप उचलला, एक घोट घेतला, खाली ठेवला. मनगटानं मिशी पुसली.

"पाणी छान होतं," तो म्हणाला.

शेजारचा कोणीतरी शर्यतीचं काही सांगत होता. आब्नर हसला. मग त्यानं कप उचलला, एक घोट घेतला, खाली ठेवला. मनगटानं मिशी पुसली.

"पाणी छान होतं."

उलुलानीनं त्याच्याकडं बघितलं. कापडावरच्या होडीसारखं, ठरावीक अंतरानं पुन्हा तेच. मग इकडंतिकडं बघितलं. विनोना भात वाढत होती.

तिनं कप उचलला आणि हातभर लांब, आपल्या ताटलीशी ठेवला.

आब्नर हसला. त्याचा हात पुढं गेला, टेबलावर जिथं काहीच नव्हतं तिथं बोटं वळली, ते ‘काहीच नाही’ ओठांपर्यंत आलं. त्याचा गळा हलला. हात खाली गेला. त्यानं मिशी पुसली.

विनोना भाताचं पातेलं घेऊन टेबलाकडं वळली.

टेबलाच्या फळीवर कपाचा ओला गोल अजून उमटलेला होता. उलुलानीनं कप उचलला, आणि विनोना जवळ यायच्या आत, तो नेमका त्या गोलात परत ठेवला.