तारखेला चिकटलेले साडेसहा

“बोलावलं आज, नि बाप्पाला अजून डोळेच नाय!”

गिऱ्हाईक वैशालीच्या अगदी कानाशी पुटपुटलं. ती मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करत होती. अशा वेळी श्वाससुद्धा जपून घ्यायचा असतो. पण हसू काही जपता आलं नाही… कारण गिऱ्हाइकाच्या मागे, रेनकोटातून पाणी गाळत, नितेश उभा होता.

पेणच्या या कारखान्यात मूर्ती न्यायच्या तारखा आता नितेशने बनवलेल्या ॲपमध्ये जात. गिऱ्हाइकाने बारा तारीख निवडली की यादीत अकरा उमटायची, निरोपही अकराचाच जायचा. नितेश त्यापायी तीनदा येऊन गेला होता. रोह्याहून, बाईकवर, वडखळचे खड्डे खात.

वैशालीचे वडील, बाबाजी, आज शेवटचं बोलले. “संध्याकाळपर्यंत जमलं तर बरं. नायतर उद्यापासून आपली वही, नि तुला रामराम.”

रामराम! वैशालीचा ब्रश हवेतच थबकला.

नितेश लॅपटॉप घेऊन तिच्याच शेजारी बसला. कारखान्यात जागा तशी पुष्कळ होती.

“कुठंच चूक दाखवणारी लाल रेघ नाय,” तो वैतागला. “ही लायब्ररी म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड. हिला प्रत्येक गोष्टीचा प्रकार आधी सांगावा लागतो. आकड्याच्या जागी नाव घातलं की लगेच ओरडते.”

“नि तारीख चुकली की?”

“गप्प बसते.”

“तुझ्यासारखीच आहे की… नको तेव्हा गप्प.”

नितेशचे कान लाल झाले. लाल रेघ निदान तिथे तरी उमटली.

ब्रश लांब धरून वैशाली स्क्रीनवर वाकली. केसाएवढी रेघ चुकली तरी तिला दिसते.

“नितेश, सगळ्यांनाच साडेसहा कसे?”

“काय?”

“प्रत्येक तारखेपुढे बघ, संध्याकाळचे साडेसहा. गिऱ्हाईक तर नुसती तारीख देतं. वेळ कुणी घातली?”

तो तारखाच बघत बसला होता. वेळेकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

“मीच! तारखेसाठी मी वेळवाला प्रकार घेतला. वेळ दिली नाय, म्हणून हिने मध्यरात्रीचे बारा धरले नि जागतिक वेळेत बदलले. ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे… म्हणजे आदल्या दिवशीचे साडेसहा! प्रकार तर तिच्या लेखी बरोबरच, मग ओरडेल कशाला?”

“नुसत्या तारखेचा प्रकार नसतो?”

“असतो ना. घड्याळ नसलेला.”

“मग तो घे की, शहाण्या!”

चारच्या सुमारास बारा तारीख टाकली, बाराच उमटली. बाबाजींनी स्वतःच्या बोटाने दोनदा टाकून पाहिली. “राहूदे वही माळ्यावर,” म्हणाले.

सगळे खूश. नितेश मात्र चार्जरची वायर गुंडाळायचा, पुन्हा सोडायचा, पुन्हा गुंडाळायचा.

“उद्या… एकदा तपासायला येतो.”

“ये की,” वैशाली जरा घाईनेच म्हणाली.

“परवापण यावं लागेल बहुतेक…”

बाबाजी पावसाकडे बघू लागले. मूर्ती घासणाऱ्या गोदूबाईंनी मात्र हातातला पॉलिशपेपर खाली ठेवला.

“पोरा, खरं सांग. हे तू मघाशी केलंस, ते रोह्यात घरी बसून नसतं झालं?”

वैशाली आखून झालेल्याच डोळ्याकडे बघत राहिली.

“झालं असतं, काकी,” नितेशने वायर खाली ठेवली. “पहिल्या दिवसापासून सगळं घरूनच करता आलं असतं. पण रोह्यात वैशाली नाय ना.”