नववा रकाना

पटो न पटो, यातला एकही शब्द माझ्या पदरचा नाही. माझ्या थोरल्या बहिणीने हे सोसलंय.

ताई एका बाटल्या भरण्याच्या कारखान्यात कॉम्प्युटरचं काम बघायची. गेल्या वर्षीचा एक रविवार. दुपारचे दोन. कारखाना बंद, ऑफिसात ती एकटी.

दुरुस्ती खात्याच्या हजेरीचा रिपोर्ट काढायचा होता. डावीकडे तारखा, वर कामगारांची नावं, मध्ये तास. माणसं दर महिन्याला बदलायची, म्हणून ताईने नावं हाताने लिहिलीच नव्हती. ज्याची हजेरी लागेल, त्याचा रकाना आपोआप यायचा.

त्या महिन्यात आठ जण होते.

रकाने आले... नऊ.

नवव्यावर नाव होतं फिटरकाकांचं.

सहा महिन्यांपूर्वी काका मशीनच्या पट्ट्यात सापडून गेले होते. तेव्हा साहेबांनी ताईला दम भरला होता, "तो त्या दिवशी कामावर नव्हताच. नोंद उडव. नाहीतर उद्यापासून तूही येऊ नकोस."

ताईने मान खाली घालून नोंद उडवली होती. सुट्टीवर असताना काका उगाच आत घुसले, असं सगळीकडे सांगितलं गेलं, म्हणजे कारखान्यावर काही यायला नको.

ताईने मूळ हजेरी तपासली. काकांचं नाव कुठेच नव्हतं.

पुन्हा रिपोर्ट चालवला. रकाना तिथेच. आणि आजच्या तारखेपुढे... एक तास.

तिने साहेबांना फोन लावला.

"डोकं फिरलंय का तुझं? काढून टाक ते नाव!"

तिने नाव वगळून रिपोर्ट चालवला.

बाकीचे आठ रकाने गेले. उरला एकच...

आजच्या तारखेपुढे आता दोन तास.

तेवढ्यात खाली पट्टा सुरू झाला. खर्रर्र...

रविवारी मशीनचा मेन स्विच बंद असतो.

पट्टा थांबला. मग जिन्यावर पावलं. जड. सावकाश. दार वाजलं नाही, पण पावलं आत आली... आणि तिच्या खुर्चीमागे थांबली.

ग्रीसचा वास. मानेवर गार श्वास.

ताई पुटपुटली, "काका... चुकलं माझं. परत लावते."

तिने जुन्या बॅकअपमधून ती नोंद परत आणली. अपघाताचा दिवस, सकाळी आठपासून हजर. कागद छापून ती तशीच बाहेर पळाली. श्वास फाटकापर्यंत मानेवर होता.

सोमवारी ताईने तो कागद अपघाताची चौकशी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांकडे दिला. साहेबांची नोकरी गेली. एक प्रत ताईने काकांच्या घरी, त्यांच्या बायकोला, काकूंना नेऊन दिली.

काकूंनी ती वाचली. "सहा महिने कुठे होतीस?" एवढंच म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

ताईने ते काम सोडलं. परवा मी विचारलं, "काका गेले ना गं तुझ्या पाठीमागून?"

तिने खुर्ची सरकवून पाठ भिंतीला लावली.

"काय माहीत. मागे वळून बघायची अजून छाती होत नाही."