मोरांचं कव्हर

ज्या माणसाशी भांडायचं ठरवून अक्षता वाटूरहून निघाली होती, तो नेमका त्या दिवशी रजेवर होता. जालन्याच्या बसस्टँडमागच्या त्या सर्व्हिस सेंटरात काउंटरला दुसराच कोणीतरी बसला होता. तोंडात डब्यातला शेवटचा घास होता, म्हणून ‘थांबा’ म्हणायला त्यानं नुसता हात वर केला.

पण सबंध रस्ताभर एसटीत पाठ केलेलं भांडण वाया कसं घालवायचं? तिनं गाण्यांचा स्पीकर काउंटरवर ठेवला.

“हे बघा दादा, हा साउंड वॉरंटीत दोनदा दुरुस्त करून दिला तुम्ही. घरी नेला की थोड्या वेळात पुन्हा मुका. आई पहाटे वंदना लावते, दिवसभर ब्लाउज शिवता शिवता गाणी ऐकते. माझ्या पहिल्या पगारातून घेतलाय तिच्यासाठी. आता काय शोभेला ठेवू?”

त्यानं घास गिळला. “नका ठेवू,” तो शांतपणे म्हणाला. “मी सूरज. पहिल्यापासून सांगा मला.”

आता पहिल्यापासून सांगायचं म्हणजे रागानं कसं सांगणार... ती स्टुलावर बसली. त्यानं साउंड लावला, चहा सांगितला. चहा संपला, गाणी संपेनात.

“इथं तर मस्त बोलून राह्यलाय.”

“तेच सांगतेय ना दादा. घरी बोलत न्हाई.”

“मंग सासुरवास असंल त्याला तुमच्याकडं. माहेरी पोपट, सासरी मुका.”

अक्षताला हसायचं नव्हतं. तरी हसू आलंच.

त्यानं आतला एक भाग बदलून दिला. घरी आईची एक बाही शिवून होते न होते, तोच साउंड पुन्हा गप्प. ती परत गेली... मग आणखी एकदा. राग वाटूरला तिच्याबरोबर एसटीत चढायचा आणि जालना यायच्या आत मधेच कुठंतरी उतरून जायचा.

“आज दादा म्हणल्या न्हाईत,” एकदा पावती देता देता तो म्हणाला.

“विसरले असेन.”

“विसरतच चला.”

तिनं पावती उगीचच दोनदा वाचली. तो स्क्रू शोधत होता – स्क्रू तर त्याच्या हातातच होता.

“वॉरंटी या महिन्यात संपून राह्यली,” तो खाली बघतच बोलला. “आता बराबर झालाच पाहिजे. आणि झाला की मंग...”

“मंग काय?”

“मंग काही न्हाई. तुमचे हेलपाटे वाचतील.”

त्या वाचणाऱ्या हेलपाट्यांचं तिला घरापर्यंत वाईट वाटत राहिलं.

रविवारी दुपारी साउंड नेहमीसारखा बंद पडला. ती उठली आणि सहज त्याच्यावर हात ठेवला... तवा तापावा तसा तापला होता. वरचं कव्हर गरम, आतलं वाकळेचं अस्तर त्याहून गरम.

आईच्या, म्हणजे बेबीनंदाच्या घरात कव्हराशिवाय कोणीच राहत नसे. फ्रीजला कव्हर, मिक्सरला कव्हर, रिमोटलासुद्धा. वाटूर फाट्याची धूळ घरात येते म्हणून साउंडला तर तिनं खास जाड शिवलं होतं. तोंड उघडं, बाकी अंगभर, बाजूंनी दोन मोर भरलेले. जालन्याला नेताना मात्र ती आठवणीनं काढून घ्यायची – दुकानात मळेल म्हणून.

अक्षतानं कव्हर काढलं. निवाल्यावर साउंड सुरू झाला, तो संध्याकाळपर्यंत थांबलाच नाही.

“आला बाई त्याला कंठ,” आई मशीनवरून म्हणाली.

अक्षतानं सूरजला सांगायला फोन उचलला. बराच वेळ त्याच्या नावाकडं बघत राहिली... आणि फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी साउंड तिच्या मांडीवर आणि कव्हर पिशवीत होतं.

“पुन्हा?” सूरजचा चेहरा पडला. “आल्या त्याचं न्हाई. पण मला जमलं न्हाई, त्याचं वाईट वाटतं.”

तिनं साउंड लावला, वर कव्हर चढवलं, मोर सरळ केले आणि स्टुलावर बसली. त्यानं एकदा कव्हराकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं. मग तोही बसला. दोघं आवाज जाण्याची वाट बघू लागले. घाई कोणालाच नव्हती.

एका गाण्याच्या ऐन मध्यावर आवाज गेला.

“कधी कळलं?” त्या शांततेत त्यानं विचारलं.

“काल.”

“मंग फोन करायचा ना. एवढं ओझं घेऊन आल्या.”

“फोनवर सांगितलं असतं, तर...” तिनं पदराशी खेळावं तसं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. “तर आजचं येणं गेलं असतं.”

सूरजनं कव्हर हळूच काढलं. मोर मोडू नयेत अशी घडी घातली.

“हे राहू द्या इथं. मी आणून देतो घरी.”

“एकटेच येणार?”

“मंग?”

तिनं साउंड उचलला. दारापर्यंत गेली, वळली. “आमच्याकडं कव्हर द्यायला एकटं येत न्हाईत. आईला घेऊन या.”

तो बघतच राहिला. ती पायरी उतरते तोच मागून त्याचा आवाज आला, फोनवरचा –

“आई, रविवारी वाटूरला जायचंय... न्हाई, पाव्हणे न्हाईत अजून... कव्हर द्यायचंय एक. तू चांगलं लुगडं नेस.”