बाहेरचं ताट

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या. पण तारकाका थापा मारणारे नाहीत, आणि शेवटचं तर मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

तारकाका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. विजेच्या ऑफिसात लाइनमन. त्यांची पाच वर्षांची चिमी जेवणाच्या बाबतीत महा नाठाळ. बाबांच्या हातूनच घास घेणार, नाहीतर उपाशी झोपणार. त्यात नुकतीच तापातून उठलेली, पोरगी नुसती काडी झालेली. म्हणून काका कुठेही गेले तरी संध्याकाळी घरी हजर.

त्या दिवशी डोंगरावरच्या एका वाडीची तार तुटली होती.

वाडी कसली, उतारावर चिकटलेली चार घरं! भरदुपारी एवढं धुकं की समोरचं दार दिसेना. भिंतींना शेवाळ, शेवाळावर गोगलगायी, दोरीवरच्या कपड्यांना कुबट वास. काकांना शिसारीच आली. माणसं मात्र गोड. हळू बोलणारी, "या, बसा" म्हणणारी.

फक्त एक गोष्ट विचित्र...

प्रत्येक दाराबाहेर दगडावर एक ताट. वर झाकण.

काम संपेपर्यंत काकांच्या पोटात कावळे ओरडायला लागले. चिखलाचे बूट घातलेल्या लाइनमनला घरात कोण घेतंय? सगळीकडे बाहेरच वाढतात. काकांना वाटलं, हे आपलंच. झाकण काढलं, भाताचा घास तोंडात टाकला.

घास कोमट होता.

दुसरा... बुळबुळीत.

तिसरा चावावाच लागला नाही.

काकांनी खाली पाहिलं. ताटाच्या पलीकडच्या बाजूचा भात चघळून थुंकल्यासारखा झाला होता. त्यातून लाळेचा धागा थेट त्यांच्या बोटांपर्यंत आला होता.

आसपास कुणी नाही. फक्त आवाज... मचमच... बोळक्या तोंडाचा.

काका भडाभडा ओकले.

दारात घरची म्हातारी उभी होती.

"अहो, ते तुमचं नव्हतं हो!"

"मग कुणाचं?"

"आम्ही तरी कुठे पाहिलंय तिला? झाकण वाजलं की तिचं झालं, मग आम्ही जेवायचं. तिच्या ताटात आजवर कुणी हात घातला नव्हता." मग म्हातारीचा चेहरा हळूहळू उजळला. "आता ती तुमच्याबरोबर जेवेल."

एकेक दार उघडलं. सगळ्यांनी आपापली ताटं आत नेली. घराघरांतून जेवणाचे, हसण्याचे आवाज येऊ लागले. झाकण वाजायची वाट कुणीच पाहिली नाही.

"हरामखोर लेकाचे," काका अजून म्हणतात.

घरी पहिल्याच जेवणात ताटाची पलीकडची बाजू ओली झाली. काकांनी चिमीला भरवणं तिथल्या तिथे बंद केलं. पोर रडून रडून उपाशी. शेवटी त्यांनीही बाहेर जिन्यात ताट ठेवायला सुरुवात केली. झाकण वाजलं की मावशी चिमीच्या नाकदुऱ्या काढायची. तरी पोरगी घासाला तोंड उघडेना. पार सुकून गेली.

गेल्या रविवारी संध्याकाळी मी तिथेच होतो. ताट बाहेर ठेवलेलं. चिमी आतल्या खोलीत. आम्ही कान लावून बसलेलो.

झाकण वाजलं नाही.

बराच वेळ... नाहीच.

काकांनी दार उघडलं. झाकण जागच्या जागी होतं. खाली भात नव्हता.

तेवढ्यात आतल्या खोलीतून... मचमच...

आम्ही धावलो. चिमी पलंगावर मांडी घालून बसली होती. गाल फुगलेले, हनुवटीवरून लाळ गळतेय, आणि स्वारी एकदम खूश.

"काय खातेस गं?" काकांनी विचारलं.

तिनं आ करून दाखवलं. करडा, चघळलेला लगदा.

"बाबा, ती किती छान भरवते! चावावं पण लागत नाही."

मला तिथेच उलटी झाली.

चिमी आता बाळसं धरतेय. शेजारपाजारचे कौतुक करतात. मी त्या घरात पाणीसुद्धा पीत नाही, आणि काका लेकीच्या तोंडाकडे बघत नाहीत.