न्हाणीघराच्या दारातला खड्डा

नरक चतुर्दशीच्या पहाटे आमच्या घरात जे झालं ते मी अजून विसरलेले नाही.

अंगाला तेल चोपडून, उटण्याची वाटी हातात घेऊन मी न्हाणीघराकडे पळत निघाले होते. दाराशी माझे आजोबा, म्हणजे आबा, उभे होते. मी त्यांच्या बाजूने आत घुसणार, एवढ्यात त्यांनी माझा दंड पकडला आणि मला असं मागे खेचलं की मी भिंतीवर आदळले. वाटी उडाली, उटणं सगळीकडे सांडलं. मी किंचाळले, पण आबा माझ्याहून मोठ्याने ओरडत होते, "मरशील! खाली जाशील! तळ दिसत नाही त्याचा!"

"खड्डा नाही," मागून आमचा घरकाम्या रोबो शांतपणे म्हणाला. "फरशीची खोली शून्य मिलिमीटर. आपली माहिती चुकीची आहे."

ह्या रोबोला आम्ही नेमक्या म्हणतो. भाजीत मीठ किती हेही तो ग्रॅममध्ये सांगतो, त्यामुळे दुसरं काही नाव सुचलंच नाही. त्याचं बोलणं ऐकून आबा आणखी बिथरले. त्यांनी माझा दंड सोडलाच नाही. शेवटी बाबांनी त्यांची बोटं एकेक करून सोडवली, तेव्हा मी हमसून हमसून रडत होते. आबांनी आजवर मला कधी टपलीसुद्धा मारली नव्हती हो!

मी शाल्मली. सहावीत आहे आणि आई म्हणते तशी अंमळ भांडखोर आहे. आम्ही लोणारला राहतो. आमच्या गावात प्रसिद्ध विवर (आकाशातून मोठा दगड आदळून पडलेला खोलगट खड्डा) आहे, हे तुम्हाला ठाऊक असेलच. त्याच्यापायीच आबा इथे आले आणि इथलेच झाले. जन्मभर त्यांनी चंद्रावरच्या विवरांचा अभ्यास केला. आज चंद्रावर माणसांची जी वस्ती उभी आहे, ती कुठल्या विवराच्या कडेला बांधायची हे ठरवणाऱ्यांत आमचे आबा होते. आणि आता हेच आबा मला विचारतात, "तू कोणाची गं?"

त्यांना स्मृतिभ्रंश झालाय. डॉक्टरांनी नाव सांगितलं तेव्हा मी मनात म्हटलं, म्हणजे विसरायचा आजार, एवढंच ना? नाव विसरले तर मी पुन्हा सांगेन, हाय काय अन् नाय काय! पण विसरणारा माणूस असा अंगावर येतो का? हे कोडं काही केल्या सुटेना.

दुपारपर्यंत माझा दंड काळानिळा झाला. फराळाची ताटं तशीच पडून होती. बाबा आईला म्हणाले, "भाऊबीज झाली की मी त्यांना शहरातल्या देखभाल केंद्रात नेऊन सोडतो. बोलणं झालंय माझं."

"अहो, पण..."

"पण काय? तिथली माणसं चांगली आहेत. आणि मला काय हौस आहे का? वडील आहेत ते माझे! पण पंधरा दिवस त्यांनी अंघोळ केलेली नाही. न्हाणीघराकडे न्यायला गेलं की मारायला उठतात. आज पोरीचा दंड धरला. उद्या डोकं आपटलं म्हणजे?"

मी दाराआड सुन्न होऊन उभी होते. माझ्या दंडावरच्या डागामुळे आबा घरातून जाणार! मला त्यांचा राग आला होता, खोटं कशाला बोलू? पण ते जायला मुळीच नको होते.

मी तडक आबांच्या खोलीत गेले. ते खिडकीशी बसले होते. नेमक्या त्यांच्या कपड्यांच्या घड्या घालत होता. मी त्याच्यावरच उखडले. "मोठा शहाणा ना तू? मग सांग, विसरायच्या आजारात खड्डा कुठून आला?"

"प्रश्न चांगला आहे," नेमक्या म्हणाला. "भिंतीवरचा चंद्राचा फोटो खाली काढ. त्यात काय दिसतंय?"

"विवरं. खड्डेच खड्डे."

"आता फोटो उलटा धर. वरची बाजू खाली."

मी उलटा धरला आणि चाटच पडले. खड्डे गायब! त्यांच्या जागी फुगलेल्या पुऱ्यांसारखे उंचवटे. पुन्हा सुलटा केला, पुन्हा खड्डे. फोटो तोच होता, मी तीच होते.

"अय्या! हे कसं?"

"डोळा फक्त सपाट चित्र घेतो," नेमक्या सांगू लागला. "खोल काय आणि उंच काय, हा अंदाज मेंदू करतो. ऊन नेहमी वरून येतं, हे मेंदूने लहानपणापासून धरून ठेवलेलं असतं. सावली वरच्या कडेला दिसली की तो म्हणतो खड्डा, खालच्या कडेला दिसली की म्हणतो उंचवटा. तू फोटो उलटा केलास आणि तुझा मेंदू फसला. तुला तर कुठला आजारही नाही."

"आणि आबांचा मेंदू?"

"स्मृतिभ्रंशात चेतापेशी (मेंदूत इकडचे निरोप तिकडे पोहोचवणाऱ्या बारीक पेशी) हळूहळू निकामी होतात. पुष्कळदा सुरुवात हिपोकॅम्पसपासून (मेंदूत नव्या आठवणी मुरतात तिथपासून) होते. म्हणून सकाळचा चहा विसरतात आणि शाळेतला मास्तर आठवतो. पण आजार तिथेच थांबेल असं नाही. पाहिलेल्या गोष्टीचा अर्थ लावणारे भागही झिजू शकतात. मग डोळे चांगले असूनही खोलीचा अंदाज चुकतो."

मी फोटो खाली ठेवला. "नेमक्या, आबांना न्हाणीघराचं दार कसं दिसतं, ते दाखव."

"दुसऱ्याच्या मेंदूत मला शिरता येत नाही. अंदाजाने चित्र करू शकतो. उजेड कमी, रंग फिके, खोलीच्या खुणा पुसलेल्या. ते अगदी असंच असेल याची मात्र खात्री देता येणार नाही."

"कर रे बाबा, कर!"

त्याने छातीवरच्या पडद्यावर चित्र आणलं आणि मी दोन पावलं मागे उडी मारली. न्हाणीघराच्या दारात फरशीच नव्हती! तिथे काळाकुट्ट, चौकोनी, तळ नसलेला खड्डा होता. त्याच्या पलीकडे बादली आणि पाट.

"हे काळं काय आहे?" मी विचारलं.

"पायपुसणं. रबरी, काळं. पंधरा दिवसांपूर्वी टाकलं."

मी बोंब ठोकत स्वयंपाकघरात धावले. आईबाबांना ओढत आणलं, चित्र दाखवलं. आई मटकन खालीच बसली. "अगं बाई! मीच आणलं गं ते. आबा घसरू नयेत म्हणून मुद्दाम जाड बघून आणलं!"

बाबा मात्र मान हलवत राहिले. "चित्र ठीक आहे. पण आम्ही त्यांना शंभरदा सांगितलं ना, खड्डा नाही म्हणून? मग ऐकायला काय होतं?"

"तुम्हाला दिसतोय तो खड्डा कोणी नाही म्हटलं, तर तुम्ही उडी माराल का?" मी ताडकन विचारलं. एरवी असं उलट बोलले असते तर ओरडा खाल्ला असता.

बाबा आबांकडे वळले. ते आबांचा हात धरून त्यांना न्हाणीघरापाशी घेऊन आले. "बघा आबा, काही नाहीये इथे," असं म्हणून त्यांनी स्वतःच पायपुसण्यावर पाय ठेवला.

आबांनी पाठीमागून त्यांच्या सदऱ्याला दोन्ही हातांनी गच्च धरलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. तरी ते सगळा जोर लावून बाबांना मागे ओढत होते. "अहो, सांभाळा! मागे या! मी धरलंय तुम्हाला, सोडत नाही मी!"

नेमक्याने तोंड उघडलं. मी ओरडले, "नेमक्या, एक अक्षर बोलू नकोस!"

बाबा मागे आले. आले म्हणजे, त्यांनी आबांना ओढू दिलं. मग ते वळले आणि आबांकडे बघतच राहिले. आबांच्या डोळ्यांत पाणी होतं. धापा टाकत त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "अहो पाहुणे, ह्या पोरीकडेही लक्ष ठेवा जरा. कोणाची आहे कोण जाणे, पण फार धावते. पडायची एखाद्या दिवशी."

पाहुणे! स्वतःच्या मुलाला पाहुणे म्हणाले. माझं नावही त्यांना माहीत नव्हतं. माझ्या दंडावर उमटलेली पाचही बोटं मला वाचवायला आली होती, आणि आम्ही दिवसभर त्याला मार म्हणत होतो. मला इतकं रडू आलं की मी आबांच्या कमरेला मिठीच मारली.

बाबांनी खाली वाकून ते काळं पायपुसणं गुंडाळलं आणि अंगणात फेकून दिलं. मग ते म्हणाले, "आबा, तुम्ही होता म्हणून वाचलो. खड्डा बुजवला मी. बघता का नीट बुजलाय ते?"

आबांनी पायाच्या अंगठ्याने फरशी चाचपली. एकदा, दोनदा. आणि आत गेले. आईने पाट मांडला, बाबांनी त्यांच्या पाठीला उटणं लावलं. दुपार उलटून गेल्यावर आमच्या घरात पहाटेची अंघोळ झाली. भाऊबीज झाली तरी बाबांनी केंद्राचं नाव काढलं नाही.

आता न्हाणीघरात फरशीच्याच रंगाचं, न घसरणारं पायपुसणं आहे. आबा बरे झाले का? नाही. हा आजार पूर्ण बरा करणारं औषध अजून सापडलेलं नाही. कोणी सांगावं, ते तुमच्यापैकीच एखादी शोधेल. तोवर जे करता येतं ते आम्ही करतो. त्यांच्याशी वाद घालत नाही. एका वेळी एकच गोष्ट सांगतो. ते घाबरले की आधी हात धरतो, मग कशाला घाबरले ते शोधतो.

नेमक्यालाही मी हे शिकवलं. ते त्याने आपल्या जातीच्या सगळ्या रोबोंना कळवलं. परवा आबा अंगणाच्या पायरीशी अडून उभे राहिले. मी बघत होते. नेमक्या पुढे झाला आणि त्याने खोली मोजली नाही. त्याने हात पुढे केला आणि विचारलं, "आबा, तुम्हाला काय दिसतंय?"