दुसऱ्या डबीतली अंगठी

टक्.

पितळी डबीचं झाकण बसलं. दुपारच्या चिडीचूप घरात तो आवाज जरा जास्तच मोठा वाटला. उज्वलानं वहीत शेवटची रेघ ओढली. शंभरपैकी शंभर बरोबर.

म्हणजे डबी चुकली नव्हती. मग काल लातुरात चुकलं कोण?

नांदेडच्या या स्वयंपाकघरात मनातलं ओळखण्याच्या जादूचं सामान तपासलं जायचं. नवरा वीरेश स्टेजवर लोकांच्या मनातलं सांगायचा, आणि ज्या वस्तूच्या जोरावर सांगायचा ती ऐनवेळी दगा देणार नाही ना, हे उज्वला बघायची. तिचा नियम एकच. वस्तू शंभर वेळा चालवायची. शंभरात एकदा जरी चुकली तरी नापास. नापास झालेली वस्तू पोत्यात, मग ती कितीही लाडकी असो.

कालचा खेळ पाच डब्यांचा. वीरेशच्या डोळ्यांवर काळी पट्टी. प्रेक्षकानं कुठल्याही एका डबीत अंगठी लपवायची. अंगठीत चुंबक होतं. ती ज्या डबीत पडेल, तिच्या तळातलं यंत्र वीरेशच्या मांडीला बांधलेल्या रिसीव्हरला खूण पाठवायचं. पहिल्या डबीला एक थरथर, दुसरीला दोन. काल अंगठी दुसरीत होती. वीरेश म्हणाला, "चौथी." चौथी उघडली तर रिकामी. सगळं सभागृह हसलं.

सकाळीच सिद्धेश्वरचा फोन आला होता. तो लातूरच्या जादूगार मंडळाचा अध्यक्ष.

"वहिनी, रविवारी तुमचा सत्कार ठरलाय. मंडळातल्या सगळ्यांचं सामान तुम्हीच तपासायचं, हेबी ठरलंय. पन लोक म्हणून राहिले, घरचीच डबी चुकली तर आमचं काय? मी दुपारी येतो. कारण सापडलं तर ठीक, न्हाई तर काम दुसऱ्याला द्यावं लागंल."

लग्नानंतर पहिल्यांदा कुणीतरी तिला तिच्या नावानं काम देत होतं. ते एका डबीपायी जाणार होतं.

"उज्वला, अजून एक भाकर आण!" बैठकीतून वीरेशची हाक आली.

ही तिसरी. शो पडला की वीरेश दोन दोन दिवस जेवायचा नाही. उमरीला एकदा साधा पत्ता चुकला, तर घरी येऊन ताटाकडे पाठ करून बसला होता.

"आज भूक बरी हाय," ती भाकर वाढत म्हणाली.

"मग काय उपाशी मरू?"

पाच वर्षांची ज्ञानेश्वरी त्याच्या पायाशी बसून त्याच्या डाव्या पायाचा अंगठा पकडायला बघत होती. बापलेकीचा हा जुना खेळ. सरावात थरथर झाली की वीरेशचा अंगठा आपसूक वर उडायचा, आणि पोरगी पप्पाच्या आधी आकडा सांगून टाळ्या पिटायची. उज्वला किती वेळा म्हणाली असेल, बूट घाला. पण स्टेजला नमस्कार करून अनवाणीच चढायचं, हा त्याचा नेम.

उज्वलाच्या डोक्यात मात्र एकच नाव घोळत होतं. शिल्पा.

शिल्पा स्टेजवर वीरेशच्या शेजारी उभी राहायची. जरीची साडी, केसात गजरा. उज्वलानं शंभर शंभर वेळा तपासलेल्या डब्या ती दोन मिनिटांत मांडायची, आणि टाळ्यांत तिचा वाटा असायचा. तिनं दुसरी आणि चौथी डबी अदलाबदल केली असती, तर खूण चुकलीच असती. तसंच झालं असावं, असं उज्वलाला वाटत होतं. खरं तर तसंच निघावं, असं वाटत होतं.

तीन वाजता शिल्पा आली. मागोमाग सिद्धेश्वर. चौघं बैठकीत बसले.

"डब्या कोणी मांडल्या?" उज्वलानं विचारलं.

"मीच, ताई."

"कशा?"

"एक ते पाच. तुम्हीच झाकणावर कुंकवाचे ठिपके लावून देता न्हं? ते मोजूनच मांडते."

"दुसऱ्या कुणाचा हात लागला?"

"न्हाई." शिल्पाचा आवाज चढला. "सरळ इचारा ना ताई, तू बदलल्या का म्हणून. मी तुमच्या डोळ्यात सलते, कळतं मला. ती जरीची साडीबी सलते. लई टोचते ती. एकदा नेसून बघा."

सिद्धेश्वर खाकरला.

"माझ्या मोबाइलात शूटिंग हाय."

"माझं हसं झालेलं जपून ठेवलंस व्हय?" वीरेश फणकारला.

"ठेवलं तर! तुझ्या टाळ्यांवर मी जळतो, हे अख्ख्या लातूरला ठाऊक हाय. पन लांबून जळतो बाबा. डब्यांपर्यंत या शिल्पाबाईनं मला फिरकू दिलं न्हाई."

उज्वलानं शूटिंग लावलं. एका मुलीनं दुसऱ्या जागच्या डबीत अंगठी टाकली. झाकणावर ठिपके दोन. चौथ्या जागच्या डबीवर चार. क्रम बरोबर होता.

म्हणजे शिल्पा नाही. उज्वलाचे कान तापले.

"सभागृहातल्या मोबाइलांनी गडबड केली असंल?" सिद्धेश्वरनं विचारलं.

"चार मोबाइल जवळ ठेवून, वर मिक्सर चालू करून तपासलंय. शंभर बरोबर."

"सेल?"

"कालचाच हाय अजून. त्याच्यावरच तपासलं."

तिनं शूटिंग पुन्हा लावलं. या वेळी टेबलाकडे नाही, त्याच्या खाली बघितलं. मग तिसऱ्यांदा लावलं. मग मोबाइल पालथा ठेवला आणि पदरानं कपाळ पुसलं.

"सिद्धेश्वर भाऊजी, डबीनं बरोबर सांगितलं होतं."

"कशावरून?"

"अंगठी पडल्यावर यांच्या डाव्या अंगठ्याकडं बघा. थरथर झाली की तो उडतो, आमच्या ज्ञानूलाबी ठाऊक हाय. एकदा उडाला. परत उडाला. मग थांबला. यंत्र चुकलं असतं तर चारदा उडाला असता. खूण पोचलीच नसती, तर उडालाच नसता. दोन उडाले, म्हणजे दोन कळलं. तरी हे चार म्हणले."

"मोजण्यात चुकला असंल," सिद्धेश्वर म्हणाला.

"चुकले असते तर आज तीन भाकरी गेल्या नसत्या. आल्यापासून डबी तपास म्हणून एकदाबी बोलले न्हाईत. निकाल ठाऊक असलेला माणूस कशाला म्हणंल?"

वीरेशनं पाय पोटाशी घेतले, अंगठा धोतरात दडवावा तसे.

"धर्माबादला लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या," तो खालमानेनं म्हणाला. "खाली उतरलो, तर जो तो जादूगार म्हणून राहिला, सामान तपासायला वहिनीचा नंबर द्या. रविवारच्या पत्रिकेत तुझं नाव ठळक. माझं त्याच्या खाली बारीक, 'पतीसह'. वाटलं, हिचीबी एक डबी चुकू दे. एकदाच."

एकदाच. उज्वलाला राग आला, पण तो राग ओळखीचा निघाला. दुपारभर शिल्पाबद्दल ती हेच तर मागत होती.

सिद्धेश्वर उठला. "वहिनी, रविवारी या. काम तुमचंच." वीरेशकडे न बघता त्यानं चपला घातल्या.

"शिल्पा, चुकलं माझं," उज्वला म्हणाली.

"हाव, चुकलं," शिल्पा म्हणाली. "आता चहा टाका."

उज्वला स्वयंपाकघरात आली. ज्ञानेश्वरी तिच्या मागं मागं आली, ओट्याखालचं नापास सामानाचं पोतं दोन्ही हातांनी ओढत बाहेर काढलं, त्याचं तोंड उघडून आत डोकावली. मग आईकडे बघितलं.

"मम्मी, पप्पाचं शंभरात एकदाच चुकलं. त्यांनाबी यात टाकायचं का?"